बहुस्तरीय आकडेवारी आणि ठिपक्यांचा आलेख

पीक कापणी प्रयोग असोत, संशोधन केंद्रावरील खतांच्या चाचण्या असोत किंवा शेतकऱ्यांच्या शेतावरील प्रात्यक्षिके असोत, त्यांतून हाती येणारे आकडे एकाच पातळीवरचे नसतात. कापणीचा तुकडा एका शेतातील असतो. ते शेत एका गावातील, ते गाव एका महसूल मंडळातील आणि ते मंडळ एका तालुक्यातील असते. एकाच गावातील दोन शेतांची जमीन, पाऊसमान व पेरणीची वेळ बहुधा मिळतीजुळती असते. साहजिकच त्यांची उत्पन्नेही एकमेकांच्या जवळ येतात. अशा पायऱ्यापायऱ्यांनी रचलेल्या आकडेवारीस संख्याशास्त्रात बहुस्तरीय आकडेवारी म्हणतात.

अशा आकडेवारीवरून खताची मात्रा ठरवावयाची असते किंवा वाणाची शिफारस करावयाची असते. शिफारस चुकली तर तिची किंमत शेतकऱ्याला आपल्या पदरातून भरावी लागते. म्हणून हिशेबाची सूत्रे लावण्यापूर्वी सर्व आकडे एकदा डोळ्यांखालून घालणे अगत्याचे आहे. त्यासाठी सर्वांत साधे साधन म्हणजे ठिपक्यांचा आलेख. संख्याशास्त्राच्या पुस्तकांत यास विकीर्ण आलेख असेही म्हणतात. आडव्या अक्षावर एक माप, उभ्या अक्षावर दुसरे माप आणि प्रत्येक नोंदीसाठी एक ठिपका, एवढीच त्याची रचना असते. तथापि बहुस्तरीय आकडेवारीचा आलेख काढताना एक पथ्य पाळावे लागते. कोणता ठिपका कोणत्या गटातला, हे आधी ओळखावे. कल दाखविणारी रेषा त्यानंतर ओढावी. हे पथ्य का पाळावे व संगणकावर ते कसे पाळावे, ह्याचे विवेचन येथे केले आहे.

गट न पाहता ओढलेली रेषा

प्रथम केवळ समजुतीसाठी एक कल्पित उदाहरण घ्यावे. तीन गावांतून ज्वारीची प्रत्येकी तीन शेते निवडली आहेत. पहिल्या गावाची जमीन खोल काळी आहे, दुसऱ्याची मध्यम आहे आणि तिसऱ्याची हलकी मुरमाड आहे. दिलेले नत्र हेक्टरी किलोमध्ये व मिळालेले उत्पन्न हेक्टरी क्विंटलमध्ये पुढीलप्रमाणे आहे.

पहिले गाव: नत्र १०, २०, ३०, उत्पन्न १४, १५, १६.
दुसरे गाव: नत्र ३०, ४०, ५०, उत्पन्न १०, ११, १२.
तिसरे गाव: नत्र ५०, ६०, ७०; उत्पन्न ६, ७, ८.

कोणत्याही एका गावापुरते पाहिले तर नत्र १० किलोंनी वाढविताच उत्पन्न एक क्विंटलने वाढते. परंतु गावांची नावे झाकून नऊही ठिपके एकाच आलेखात मांडले व त्यांतून एकच रेषा ओढली, तर ती उतरती निघते. ह्या रेषेप्रमाणे नत्राच्या प्रत्येक १० किलोंमागे उत्पन्न १.४ क्विंटलने घटते! गावांच्या सरासऱ्या काढून तीनच ठिपके मांडल्यास उतार आणखी वाढतो व घट २ क्विंटलची दिसते.

आकडे खरे आहेत, गणितही बरोबर आहे. तरीही निष्कर्ष उलटा आला. ह्याचे कारण असे की, एकत्र ओढलेल्या रेषेत दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. एक म्हणजे गावाच्या आत नत्राचा होणारा परिणाम आणि दुसरी म्हणजे गावागावांतील जमिनीचा फरक. हलक्या जमिनीच्या गावात शेतकरी अधिक खत देतात, पण तेथील जमिनीचा मगदूरच कमी असतो. खताच्या अंगी नसलेला दोष अशा रीतीने खताच्या माथी बसतो. त्या रेषेवर विसंबून कोणी नत्र कमी करण्याचा सल्ला दिला, तर तिन्ही गावांतील शेतकऱ्यांचे नुकसान होईल.

अशी फसगत कल्पित आकड्यांतच होते असे नाही. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० साली त्या देशाच्या १९३० च्या जनगणनेवरून एक प्रसिद्ध उदाहरण दिले. परदेशात जन्मलेल्या व्यक्तींमध्ये निरक्षरतेचे प्रमाण थोडे अधिक होते व व्यक्तिगणिक सहसंबंध ०.११८ इतका निघाला. तेच आकडे ४८ राज्यांच्या पातळीवर मांडले तेव्हा सहसंबंध उणे ०.५२६ आला, म्हणजे जेथे परदेशी जन्मलेले लोक अधिक, तेथे निरक्षरता कमी, असे चित्र दिसले. परदेशातून आलेले लोक मुख्यतः ज्या राज्यांत स्थायिक झाले होते, तेथील स्थानिक जनता अधिक साक्षर होती, एवढाच त्याचा अर्थ. राज्यांविषयीचा निष्कर्ष व्यक्तींना लावता येत नाही. त्याचप्रमाणे तालुक्यांच्या सरासऱ्यांवरून एका शेताविषयीचा निष्कर्षही काढता येत नाही.

ओटच्या प्रयोगाचे उदाहरण

प्रत्यक्ष शेतीतील अभ्यासासाठी एक जुना परंतु अतिशय उद्बोधक प्रयोग उपलब्ध आहे. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील संख्याशास्त्रज्ञ फ्रँक येट्स यांनी १९३५ साली तो प्रसिद्ध केला. ओट ह्या पिकाचे तीन वाण व नत्राच्या चार मात्रा ह्यांची त्यात तुलना केली होती. वाणांची नावे व्हिक्टरी, गोल्डन रेन व मार्व्हलस अशी होती. नत्राच्या मात्रा एकरी ०, ०.२, ०.४ व ०.६ हंड्रेडवेट, म्हणजे हेक्टरी सुमारे ०, २५, ५० व ७५ किलो होत्या.

प्रयोगाची रचना तीन पायऱ्यांची होती. सर्व क्षेत्राचे सहा ब्लॉक पाडले होते. ब्लॉक म्हणजे शक्यतो एकसारख्या जमिनीचा पट्टा. प्रत्येक ब्लॉकमध्ये तीन मोठे वाफे होते व प्रत्येकात एकेक वाण पेरला होता. प्रत्येक मोठ्या वाफ्याचे चार लहान वाफे करून त्यांना नत्राच्या चार मात्रा दिल्या होत्या. म्हणजे ब्लॉक सहा, मोठे वाफे अठरा आणि लहान वाफे बहात्तर. कृषी संशोधक ह्या रचनेस स्प्लिट प्लॉट पद्धत म्हणतात. डॉ. व्ही. जी. पानसे व डॉ. पी. व्ही. सुखात्मे यांच्या 'स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर ॲग्रिकल्चरल वर्कर्स' ह्या १९५४ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे ही पद्धत भारतातील कृषी पदवीधरांच्या चांगल्या परिचयाची झाली.

लहान वाफा एक ऐंशीांश एकराचा होता व उत्पन्न पाव पौंडाच्या एककात नोंदविले होते. त्यामुळे नोंदीतील एक एकक म्हणजे एकरी २० पौंड, अर्थात हेक्टरी सुमारे २२.४ किलो, असे समजावे.

हे बहात्तर आकडे 'आर' ह्या संख्याशास्त्रीय संगणक-प्रणालीबरोबर सामान्यतः आपोआप मिळतात. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी ह्या प्रणालीचा पाया घातला. तिची पहिली पूर्ण आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी निघाली. ती विनामूल्य मिळते. तिच्याबरोबर येणाऱ्या 'मास' नावाच्या संचात 'ओट्स' हा तक्ता आहे. त्यामुळे पुढील सर्व आलेख कोणाही अभ्यासकास स्वतः काढून पाहता येतील.

तक्ता तयार करताना

आलेखापूर्वी तक्ता नीट असला पाहिजे. त्यासाठी तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट अशी की, प्रत्येक लहान वाफ्यासाठी एक स्वतंत्र ओळ असावी. नत्राच्या चार मात्रांची उत्पन्ने एकाच ओळीत शेजारी शेजारी लिहिण्याची पद्धत नोंदवहीत सोयीची असते, परंतु संगणकास ती अडचणीची ठरते. ब्लॉक, वाण, नत्र व उत्पन्न असे चार उभे रकाने करावेत व त्यांखाली बहात्तर ओळी असाव्यात.

दुसरी गोष्ट म्हणजे कोणता रकाना मोजमापाचा आहे व कोणता केवळ ओळखीचा आहे, हे संगणकास स्पष्ट सांगावे. ब्लॉक क्रमांक १ ते ६ हे मोजमाप नव्हे. सहावा ब्लॉक तिसऱ्याच्या दुप्पट नसतो. क्रमांक अंकांत लिहिले असल्यास संगणक त्यांना संख्या समजून बसतो व सहा वेगळे रंग देण्याऐवजी फिक्यापासून गडदपर्यंत एकाच रंगाच्या छटा देतो. उलट 'ओट्स' तक्त्यात नत्राची मात्रा शब्दरूपाने साठविलेली आहे. तिचे घाईने संख्येत रूपांतर केल्यास ०, ०.२, ०.४, ०.६ ऐवजी १, २, ३, ४ असे केवळ अनुक्रम मिळतात. म्हणून रूपांतर झाल्यावर पहिल्या काही ओळी वाचून पाहाव्यात.

तिसरी गोष्ट सर्वेक्षणाच्या आकडेवारीत विशेष महत्त्वाची आहे. प्रत्येक तालुक्यात गावांना १, २, ३ असे क्रमांक दिले असतील, तर दोन तालुक्यांतील 'गाव क्रमांक १' हे संगणकाच्या लेखी एकच गाव ठरते. हे टाळण्यासाठी तालुक्याचे व गावाचे नाव जोडून स्वतंत्र ओळखचिन्ह तयार करावे. ओटच्या प्रयोगातही अठरा मोठे वाफे ओळखण्यासाठी ब्लॉक व वाण ह्यांची जोडी घ्यावी लागते.

पहिला आलेख: सर्व ठिपके एकत्र

आडव्या अक्षावर नत्र व उभ्या अक्षावर उत्पन्न घेऊन बहात्तरही ठिपके मांडावेत. नत्राच्या मात्रा चारच असल्याने ठिपके चार उभ्या रांगांत येतात व काही एकमेकांवर पडतात. अशा वेळी ठिपके आडव्या दिशेने किंचित सरकवून मांडण्याची सोय प्रणालीत असते; ती वापरावी. उभ्या दिशेने मात्र ठिपके सरकवू नयेत, कारण तेथे प्रत्यक्ष उत्पन्न मोजले आहे. ठिपके अर्धपारदर्शक केल्यासही गर्दी कोठे आहे ते कळते.

ह्या आलेखात रांगा डावीकडून उजवीकडे चढत जाताना दिसतात. चार मात्रांची सरासरी उत्पन्ने अनुक्रमे ७९.४, ९८.९, ११४.२ व १२३.४ एकके आहेत. म्हणजे नत्राच्या पहिल्या २५ किलोंनी हेक्टरी सुमारे ४३७ किलो, दुसऱ्या २५ किलोंनी सुमारे ३४३ किलो आणि तिसऱ्या २५ किलोंनी सुमारे २०५ किलो धान्य वाढले. प्रत्येक पुढच्या हप्त्याचा लाभ घटत गेला आहे. म्हणून सरळ रेषा ओढून 'जितके नत्र अधिक तितके उत्पन्न अधिक' असे समजणे धोक्याचे आहे. सरळ रेषेऐवजी ठिपक्यांच्या कलाने वळणारी रेषा घेतल्यास हा वाक स्पष्ट दिसतो.

परंतु ह्याच आलेखात एक गोष्ट मनाला खटकते. रांगा फार उंच आहेत. नत्र न दिलेल्या वाफ्यांचे उत्पन्न ५३ पासून ११७ पर्यंत पसरले आहे आणि सर्वाधिक नत्र दिलेल्या वाफ्यांचे ८६ पासून १७४ पर्यंत. नत्र न मिळालेला एखादा वाफा भरपूर नत्र मिळालेल्या वाफ्यालाही मागे टाकतो. हा पसारा कशामुळे झाला, ह्याचे उत्तर पहिल्या आलेखात नाही.

दुसरा आलेख: गटांना रंग

त्याच ठिपक्यांना आता ब्लॉकप्रमाणे सहा रंग द्यावेत. रंगाबरोबर ठिपक्याचा आकारही बदलावा, म्हणजे काळ्या छपाईतही गट ओळखू येतात. रंग देताच पसाऱ्याचा उलगडा बराचसा होतो. पहिल्या ब्लॉकचे ठिपके जवळजवळ प्रत्येक रांगेत वरच्या टोकाला आढळतात. ह्या ब्लॉकचे सरासरी उत्पन्न १३५.३ एकके आहे, तर इतर पाच ब्लॉकची सरासरी ९०.९ ते १०७.३ एककांच्या दरम्यान आहे. ब्लॉकमधील तीन वाफ्यांची सरासरी घेतल्यास पुढील चित्र मिळते.

ब्लॉक १: नत्र नसताना १११.०, सर्वाधिक नत्र असताना १५७.०.
ब्लॉक २: ७५.७ व १३१.०.
ब्लॉक ३: ७२.३ व १०२.०.
ब्लॉक ४: ६९.३ व १२४.०.
ब्लॉक ५: ६८.३ व ११३.७.
ब्लॉक ६: ७९.७ व ११२.७.

सहाही ब्लॉकमध्ये नत्राने उत्पन्न वाढले आहे. परंतु पहिल्या ब्लॉकमधील नत्र न दिलेल्या वाफ्यांची सरासरी १११ आहे व तिसऱ्या ब्लॉकमधील सर्वाधिक नत्र दिलेल्या वाफ्यांची सरासरी केवळ १०२ आहे. समजा, प्रयोग अशा काळजीने आखलेला नसता व नत्र न दिलेला वाफा पहिल्या पट्ट्यात आणि नत्र दिलेला वाफा तिसऱ्या पट्ट्यात पडला असता, तर नत्राने उत्पन्न घटते असा निष्कर्ष निघाला असता. बांधाच्या अलीकडील व पलीकडील शेतांची तुलना करून खताची परीक्षा करणारा शेतकरी नेमक्या ह्याच धोक्यात असतो. येट्स यांच्या प्रयोगात प्रत्येक ब्लॉकला चारही मात्रा सारख्याच वेळा मिळाल्या होत्या. म्हणून जमिनीचा फरक नत्राच्या तुलनेत शिरला नाही. सर्वेक्षणाच्या आकडेवारीत असा समतोल क्वचितच असतो. तेथे रंग दिलेला आलेख हाच पहिला पहारेकरी होय.

तिसरा आलेख: गटवार चौकटी

गट पाच-सहापेक्षा अधिक झाले की रंगांची भाऊगर्दी होते. अशा वेळी प्रत्येक गटासाठी स्वतंत्र छोटी चौकट काढावी व सर्व चौकटी एका पानावर ओळीने मांडाव्यात. आर प्रणालीत ह्यासाठी भारतीय संख्याशास्त्रज्ञ दीपायन सरकार यांनी लिहिलेला 'लॅटिस' हा संच आहे. हॅडली विकहॅम यांचा 'जीजीप्लॉट २' हा संचही बराच प्रचलित आहे. लॅटिसमध्ये आलेखाची आज्ञा एका छोट्या सूत्राने दिली जाते. ते 'उत्पन्न ~ नत्र | ब्लॉक' अशा स्वरूपाचे असते. नागमोडी चिन्हाच्या डावीकडे उभ्या अक्षावरील माप, उजवीकडे आडव्या अक्षावरील माप आणि उभ्या दांडीनंतर ज्याप्रमाणे चौकटी पाडावयाच्या तो गट, असा त्याचा अर्थ वाचावा.

चौकटींच्या बाबतीत दोन नियम ध्यानात ठेवावेत. एक, सर्व चौकटींचे अक्ष एकाच मापाचे असावेत. प्रत्येक चौकटीस वेगळे माप दिले तर सर्व रेषा सारख्याच उंचीच्या दिसतात व गटागटांतील फरक झाकला जातो. दोन, चौकटी नावाच्या वर्णक्रमाने न लावता सरासरी उत्पन्नाच्या चढत्या क्रमाने लावाव्यात. मग नजर डावीकडून उजवीकडे फिरविताच हलक्या जमिनीपासून भारी जमिनीपर्यंतचा क्रम लक्षात येतो.

ओटच्या प्रयोगाच्या सहा चौकटी करून प्रत्येकीत तीन वाणांचे ठिपके तीन वेगळ्या रेषांनी जोडावेत. आता दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारता येतात. रेषांची उंची वेगळी आहे काय? आणि रेषांचा चढ वेगळा आहे काय? उंचीतील फरक जमिनीचा मगदूर सांगतो, तर चढातील फरक त्या जमिनीत खत किती लागू पडते हे सांगतो. ह्या प्रयोगात उंचीतील फरक ठळक आहे. चढही सर्वत्र तंतोतंत सारखा नाही. दुसऱ्या ब्लॉकमध्ये वाढ ५५.३ एककांची तर तिसऱ्यात २९.७ एककांची आहे. परंतु प्रत्येक रेषा चारच ठिपक्यांवर उभी आहे, हे विसरू नये. चार ठिपक्यांच्या रेषेत एखाद्या वाफ्यातील योगायोगही मोठा दिसतो. म्हणून एकट्या चौकटीवरून त्या जमिनीसाठी वेगळी शिफारस करू नये.

वरच्या पायरीचा आलेख

वाणांची तुलना करावयाची झाल्यास आलेख बदलावा लागतो. वाण लहान वाफ्यांना नव्हे, तर मोठ्या वाफ्यांना दिला होता. म्हणून वाणांच्या प्रश्नापुरते बहात्तर स्वतंत्र पुरावे नसून अठराच आहेत. प्रत्येक मोठ्या वाफ्यातील चार उत्पन्नांची सरासरी काढून अठरा ठिपक्यांचा आलेख करावा. आडव्या अक्षावर ब्लॉक, उभ्या अक्षावर सरासरी उत्पन्न आणि वाणाप्रमाणे रंग घ्यावा.

वाणांच्या एकूण सरासऱ्या व्हिक्टरी ९७.६, गोल्डन रेन १०४.५ व मार्व्हलस १०९.८ अशा आहेत. केवळ ह्या तीन आकड्यांकडे पाहणारा मार्व्हलसची शिफारस करून मोकळा होईल. अठरा ठिपक्यांचा आलेख वेगळेच सांगतो. मार्व्हलस सहांपैकी तीन ब्लॉकमध्ये पहिला आला आहे. चौथ्या व पाचव्या ब्लॉकमध्ये गोल्डन रेन पहिला आहे आणि पहिल्या ब्लॉकमध्ये व्हिक्टरी. इतकेच नव्हे, तर पहिल्या व पाचव्या ब्लॉकमध्ये मार्व्हलस सर्वांत शेवटी आहे. वाणांचा क्रम ब्लॉकगणिक बदलतो. नत्राचा चढ मात्र सहाही ब्लॉकमध्ये टिकून राहतो. रीतसर विश्लेषणातही नत्राचा परिणाम निर्विवाद ठरतो व वाणांतील फरक सिद्ध होत नाही. बहात्तर ठिपके स्वतंत्र समजून हिशेब केला असता, तर वाणांविषयी हाती नसलेला विश्वास उगाच मिळाला असता.

पीक कापणी प्रयोगांनाही हाच न्याय लागू आहे. एखादी योजना गावपातळीवर राबविली असेल, तर तिचा परिणाम तपासताना गावांची संख्या मोजावी. त्या गावांतील कापणीच्या तुकड्यांची संख्या कितीही मोठी असली तरी पुरावा तेवढ्याने वाढत नाही.

आलेखाने दाखविलेली शंका

गटवार आलेखाचा आणखी एक उपयोग म्हणजे संशयास्पद नोंदी नजरेस येणे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९३१ व १९३२ साली सहा ठिकाणी सातूच्या दहा वाणांची चाचणी झाली होती. इमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे आकडे १९३४ साली प्रसिद्ध केले. पुढे संख्याशास्त्राच्या अनेक अभ्यासकांनी ते वापरले. १९३१ चे उत्पन्न आडव्या अक्षावर व १९३२ चे उभ्या अक्षावर घेऊन साठ ठिपके मांडले आणि दोन्ही वर्षांचे उत्पन्न समान दाखविणारी तिरपी रेषा ओढली, तर पाच ठिकाणांचे बहुतेक ठिपके त्या रेषेच्या खाली पडतात. मॉरिस ह्या ठिकाणचे ठिपके मात्र रेषेच्या वर आढळतात. तेथे १९३१ ची सरासरी एकरी सुमारे २९ बुशेल व १९३२ ची सुमारे ४१ बुशेल आहे.

विल्यम क्लीव्हलंड यांनी १९९३ साली गटवार आलेखांच्या साहाय्याने हा विपरीत प्रकार लोकांपुढे आणला व मॉरिस येथील दोन वर्षांच्या आकड्यांची अदलाबदल झाली असावी, असा तर्क केला. जवळजवळ साठ वर्षे हे आकडे अनेकांनी हाताळले होते. पण आलेख काढीपर्यंत ही गोष्ट पुढे आली नव्हती. त्यानंतर २०१३ साली केव्हिन राइट यांनी त्याच चाचण्यांचे इतर वर्षांचे आकडे जमवून तपासले. ठिकाण व हंगाम ह्यांच्या नैसर्गिक फरकांमुळेही असे घडू शकते, असे मत त्यांनी मांडले.

ह्या हकिकतीतून घ्यावयाचा बोध दुहेरी आहे. आलेख शंका दाखवितो. निकाल देत नाही. वेगळा दिसणारा ठिपका चुकीचा समजून खोडून टाकणे हे जितके अयोग्य, तितकेच त्याकडे दुर्लक्ष करणेही अयोग्य होय. अशा वेळी मूळ नोंदवही, पर्जन्यमापकाची नोंद व कापणी करणाऱ्या कर्मचाऱ्याची साक्ष ह्यांकडे परत जावे.

आलेखानंतर काय?

ठिपक्यांचा आलेख ही अभ्यासाची पहिली पायरी आहे. त्यानंतर बहुस्तरीय विश्लेषण करावे लागते. त्यात प्रत्येक गटाची रेषा पूर्णपणे स्वतंत्र मानली जात नाही किंवा सर्व गटांसाठी एकच रेषाही लादली जात नाही. नोंदी थोड्या असलेल्या गटाची रेषा एकूण सरासरीकडे अधिक ओढली जाते व नोंदी भरपूर असलेला गट स्वतःच्या आकड्यांवर अधिक विसंबतो. आर प्रणालीत ह्यासाठी 'एनएलएमई' व 'एलएमई ४' हे संच आहेत. विश्लेषणातून आलेल्या रेषा पुन्हा त्याच गटवार चौकटींत मूळ ठिपक्यांवर ओढून पाहाव्यात. रेषा ठिपक्यांना सोडून जात असेल, तर विश्लेषणात काहीतरी राहिले आहे असे समजावे.

थोडक्यात

१. आकडेवारी कोणत्या पायऱ्यांची आहे, हे आलेखापूर्वी कागदावर लिहून काढावे.
२. तक्त्यात प्रत्येक नोंदीस एक ओळ व प्रत्येक गटास स्वतंत्र ओळखचिन्ह असावे.
३. सर्व ठिपक्यांचा एकत्र आलेख काढावा, पण त्यावरून शिफारस करू नये.
४. त्यानंतर गटांना रंग द्यावेत किंवा समान अक्षांच्या चौकटी कराव्यात व रेषांची उंची आणि चढ वेगवेगळे पाहावेत.
५. जो उपाय ज्या पायरीवर दिला असेल, त्याच पायरीचे ठिपके मोजावेत.
६. वेगळा पडलेला ठिपका खोडू नये. त्याच्या मूळ नोंदीचा शोध घ्यावा.

ज्या तालुक्यात पीक कापणीचे व माती परीक्षणाचे आकडे उपलब्ध आहेत, तेथील कृषी कर्मचाऱ्यांनी व कृषी पदवीधरांनी येत्या हंगामाच्या शिफारशी करण्यापूर्वी हे आलेख एकदा काढून पाहावेत. गावागणिक जमीन बदलते, हे शेतकऱ्यास पूर्वीपासून ठाऊक आहे. त्याला दिलेल्या सल्ल्यातही ही जाणीव दिसली पाहिजे.